पोहण्याच्या टाक्याला लाल-काळे डाग? ॲसिड ओतण्याआधी एक गोळी घासून पाहा

भंडारा : उन्हाळा लागला की जिल्ह्यात दोन ठिकाणी पाणी तुंबवलं जातं. एक म्हणजे नागझिरा, कोका, पवनी-कऱ्हांडला या जंगलांच्या आजूबाजूचे रिसॉर्ट आणि फार्महाऊस. तिथे पांढऱ्या प्लास्टरचे पोहण्याचे टाके असतात. दुसरं म्हणजे आपल्या वावरातलं बोअरजवळचं सिमेंटचं टाकं. बांधलं ओलितासाठी, पण एप्रिल-मे महिन्यात दुपारभर लेकरं त्यातच असतात. दोन्हीकडची तक्रार मात्र एकच. पहिल्या वर्षी टाकं दुधासारखं पांढरं, दुसऱ्या वर्षी भिंती तांबूस, तिसऱ्या वर्षी तळाला काळपट पट्टे. कितीही घासा, जात नाहीत.

मग कोणीतरी सांगतो, "भाऊ, संडास धुवायचं ॲसिड आणा, एका झटक्यात साफ."

मीही तेच केलं होतं. माझं टाकं १० बाय १० फुटांचं, चार फूट खोल, म्हणजे सुमारे ११ हजार लिटरचं. लेकरं पोहतात म्हणून आतून पांढऱ्या सिमेंटचा हात मारला होता. डाग निघेनात म्हणून आदल्या दिवशी तळाला ब्लिचिंग पावडर पसरली. दुसऱ्या दिवशी पाणी उपसून मजुराला आत उतरवलं आणि वरून ॲसिडची बाटली दिली. तळाच्या ओल्या पावडरीवर ॲसिड पडताच पिवळसर धूर निघाला. तो वर आलाच नाही, खालीच साचला. माणूस खोकत खोकत गुडघ्यावर बसला. दोघांनी हाताला धरून त्याला ओढून काढलं आणि दवाखान्यात नेलं. बरा झाला, पण खोकला बरेच दिवस राहिला. चूक त्याची नव्हती, माझी होती. ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो आणि तो हवेपेक्षा जड असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टाकं म्हणजे शेवटी खड्डाच. जड वायू तिथेच बसतो.

एवढं करून डाग गेले का? अर्धे गेले. पण प्लास्टर खरखरीत झालं, हात फिरवला तर सँडपेपरसारखं लागायचं. पांढऱ्या प्लास्टरमध्ये सिमेंट आणि संगमरवराची भुकटी असते. दोन्हीत चुना, आणि ॲसिड चुनाच खातं. डागासोबत वरचा गुळगुळीत थर निघून जातो, बारीक भोकं उघडी पडतात आणि पुढच्या वर्षी डाग त्याच भोकांत जास्त घट्ट बसतो.

डाग येतो कुठून?

आपल्याकडे बहुतेक वेळा डाग पाण्यातूनच येतो. बोअरचं पाणी बादलीत घेतलं तर काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण त्यात लोह विरघळलेलं असू शकतं. जमिनीखाली हवा नसते, तोवर ते दिसत नाही. वर येऊन हवा लागली की त्याचा गंज होतो आणि भिंतीला चिकटतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असलं की कपड्यांना आणि भांड्यांना डाग पडू लागतात. हे प्रमाण ऐकायला काहीच नाही. पण माझ्या ११ हजार लिटरच्या टाक्यात एका भरण्याला तीन ग्रॅमच्या वर लोह आलं, असा त्याचा हिशेब होतो. उन्हाळ्यात दहा वेळा टाकं भरलं तर काय होईल ते सांगायला नको.

तुमसर तालुक्याची गोष्ट आणखी वेगळी. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत, म्हणजे त्या पट्ट्यातल्या खडकातच मँगनीज आहे. डोंगरी बुजुर्गचा काही माल टॉर्चच्या सेलसाठी जातो. जुना सेल फोडल्यावर जी काळी भुकटी निघते, ते मँगनीजच. बोअरच्या पाण्यात ते असलं तर टाक्यावर तसाच काळा किंवा काळा-तपकिरी थर बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे लोहापेक्षाही कमी.

आता खरी गंमत इथे आहे. डाग दिसला की आपण पाणी घाण झालं समजून ब्लिचिंग वाढवतो. ब्लिचिंग नेमकं हेच करतं, पाण्यात विरघळलेलं लोह आणि मँगनीज ओढून बाहेर काढतं आणि भिंतीवर बसवतं. जितकं जास्त ब्लिचिंग, तितका गडद डाग. संध्याकाळी पावडर टाकली आणि सकाळी पाणी चहासारखं झालं, तर शेवाळ नाही, लोह आहे असं समजा.

दहा रुपयांची तपासणी

औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन-चार गोळ्या आणा. डागावर एक गोळी मिनिटभर दाबून घासा. टाकं भरलेलं असेल तर गोळी जुन्या मोज्यात घालून पाण्याखाली दाबा. तिथे रुपयाएवढा पांढरा गोल दिसला तर डाग धातूचा, म्हणजे लोह नाहीतर मँगनीज. तांबूस असेल तर लोह, काळा असेल तर मँगनीज.

काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या जागी फडक्यात थोडी ब्लिचिंग पावडर बांधून काठीने अर्धा तास टेकवून ठेवा. गोळीची जागा आणि ही जागा वेगळी ठेवा. डाग फिका झाला तर तो पाल्याचा किंवा शेवाळाचा. आपल्याकडे टाक्यावर सागाची, मोहाची, जांभळाची झाडं असतातच. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून पाहा, हात लाल होतो. तोच रंग प्लास्टरला लागतो. जांभळाचं तर सांगूच नका. हे डाग नुसत्या ब्लिचिंगने आणि उन्हाने जातात, ॲसिडची गरजच नाही.

पाण्याच्या रेषेवर पांढरा, दगडासारखा कडक थर असेल तर तो डाग नव्हे, जड पाण्याचा क्षार आहे. व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतो.

निळसर-हिरवा डाग असेल तर स्वतःला विचारा, शेवाळासाठी मोरचूद टाकला होता का? फवारणीचा मोरचूद घरात असतो आणि अनेकजण तो मूठभर टाक्यात टाकतात. हा तांब्याचा डाग, गोळीने सहसा जात नाही.

आणि एकाच जागी, कितीही काढला तरी पुन्हा येणारा गंजाचा ठिपका असेल तर तिथे आत सळाख किंवा बांधायची तार वर आलेली आहे. कोणतंही औषध चालणार नाही. मिस्त्री बोलावून तेवढी जागा फोडायची, तार कापायची आणि पुन्हा भरायची. तारेच्या ब्रशने घासलं तरी असेच ठिपके येतात, कारण ब्रशचे तुकडे प्लास्टरमध्ये अडकून गंजतात. घासायला नायलॉनचाच ब्रश घ्या.

लोहाचा डाग काढायचा कसा

आधी ब्लिचिंग बंद. तीन-चार दिवस ऊन खाऊ द्या, क्लोरीन आपोआप उडतं. क्लोरीन शिल्लक असेल तर औषध त्याच्याशीच भांडून संपतं. मग केमिकलच्या दुकानातली ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर घ्या. ॲसिड नाव असलं तरी हे व्हिटॅमिन सीच आहे, कपडे धुवायचं किंवा संडासाचं ॲसिड नव्हे. ४० हजार लिटरला साधारण अर्धा किलो लागते. माझ्या टाक्याला दीडशे ग्रॅम पुरली. डागाजवळ चारही बाजूंनी शिंपडायची आणि पाणी हलवायचं. डाग फिका होताना डोळ्यांनी दिसतो. थोडेफार राहिले तर किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पाण्याने हलक्या हाताने घासा.

पण डाग गेला म्हणजे लोह गेलं नाही. ते परत पाण्यात आलं आहे. त्याच पाण्यात लगेच ब्लिचिंग टाकलं तर दोन दिवसांत भिंत पुन्हा तांबूस होते. मोठ्या तलावात धातू पाण्यातच धरून ठेवणारं औषध टाकतात, त्यानंतर क्लोरीन हळूहळू वाढवतात आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवतात. आपल्या छोट्या टाक्याला सोपं म्हणजे ते पाणी उपसून टाकणं. झाडांना सोडा, पऱ्ह्यात एकदम सोडू नका.

नवीन पाणी भरताना बोअरचा पाइप थेट टाक्यात न घालता उंचावरून दगडांवर पाडा, शेजारच्या हौदात रात्रभर थांबू द्या आणि वरचं पाणी घ्या. तळाशी तांबडा गाळ बसलेला दिसेल. लोहासाठी एवढं बऱ्याचदा पुरतं. मँगनीज मात्र नुसत्या हवेने सहज बसत नाही, त्याला खास फिल्टर लागतो. तुमसरकडच्या लोकांनी खर्च करण्याआधी पाणी तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत लोह आणि मँगनीज दोन्ही तपासायला सांगा. तेच पाणी घरात पिण्यात असेल तर तपासणी आधी करा, टाक्याचं नंतर पाहू.

क्षार खूपच जाड असेल आणि जळजळीत ॲसिड वापरावंच लागलं, तर टाकं आधी पाण्याने दोनदा धुऊन ब्लिचिंगचा अंशही ठेवू नका. पाण्यात ॲसिड टाका, ॲसिडमध्ये पाणी नको. आत एकटा माणूस उतरवू नका, वर दुसरा हवाच. ब्लिचिंग पावडर आणि पोहण्याच्या तलावाच्या क्लोरीनच्या गोळ्या एका डब्यात ठेवू नका, त्यांचा स्फोट होऊ शकतो.

माझ्या टाक्याचे लाल डाग या वर्षी गेले. ईशान्य कोपऱ्यात एक ठिपका आहे, तो तारेचा. धान कापणी झाली की मिस्त्रीला बोलावणार आहे.