थंडरबर्ड्स : तारांवर पेललेलं अंतराळयुग

जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांची ही ब्रिटिश बाहुली-मालिका पुन्हा पाहताना लक्षात ठेवावं असं काही :

● आरंभ : ‘ट्रॅप्ड इन द स्काय’, ३० सप्टेंबर १९६५. एकूण भाग ३२, प्रत्येकी सुमारे ५० मिनिटांचे.

● कथा : माजी अंतराळवीर जेफ ट्रेसी आणि त्याची पाच मुलं अचाट यंत्रांच्या बळावर संकटातल्या माणसांना वाचवतात.

● ओठ : आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांचे विद्युत संकेत बारीक तारांतून बाहुलीच्या डोक्यात पोचत आणि ओठ शब्दांबरोबर हलत.

● चाल : बाहुल्यांचं चालणं खरं वाटत नसे, म्हणून पात्रं बहुतेक वेळ वाहनांत दिसतात. हातांच्या क्लोजअपमध्ये खऱ्या माणसांचे हात आहेत.

● स्फोट, उड्डाणं : छोट्या प्रतिकृतींवर हे साकारणारे डेरेक मेडिंग्ज पुढे बाँडपटांत गेले.

● आपल्याकडे : सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्यांची परंपरा पिढ्यानपिढ्या जपत आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कवठे महांकाळच्या पालकांनो, मुलांना पहिला भाग जरूर दाखवा. सुट्टीत पिंगुळीलाही घेऊन जा.