चित्र बघून प्लेअर घेऊ नये

२००७ च्या दिवाळीत आम्ही १,८०० रुपयांचा डीव्हीडी प्लेअर घेतला. दुकानदाराने तो टीव्हीला जोडला, पाकिटातून कोरी करकरीत डिस्क काढली आणि पडद्यावर रंगीत मासे पोहायला लागले. शेजारी ६,००० रुपयांचा प्लेअर लावलेला होता. त्यातही मासेच. दहा मिनिटं मी या माशांची त्या माशांशी तुलना करत उभा राहिलो, फरक काही सापडेना. "बघा ना साहेब, सेम टू सेम," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. माझी परीक्षा घेण्याची पद्धतच चुकली होती.

डीव्हीडीवर सिनेमा आकड्यांच्या रूपात असतो. हे आकडे एमपेग-२ नावाच्या पद्धतीने दाबून, घडी घालून ठेवलेले असतात आणि घडी उलगडायची कशी याचे नियम ठरलेले आहेत. त्यामुळे महागडी चिप असो की स्वस्त, उत्तर जवळपास तेच येतं. गणिताच्या पेपरात श्रीमंताच्या मुलाचं उत्तर वेगळं येत नाही, तसंच. त्यातून चिपही मोजक्याच कंपन्यांच्या. तैवानच्या मीडियाटेकची एमटी १३८९ ही चिप तर इतक्या वेगवेगळ्या नावांच्या स्वस्त प्लेअरमध्ये होती की झाकण उघडल्यावर सगळे सख्खे भाऊ निघायचे. मग कारखानदार पैसे वाचवतो कुठे? जे फिरतं त्यात, आणि जे तापतं त्यात. दुकानातल्या दहा मिनिटांत नेमकं हेच दिसत नाही.

आधी फिरणाऱ्या भागाचं बघू. डिस्कच्या पोटात एकच ओळ असते, आतून सुरू होऊन गोल गोल फिरत बाहेर जाणारी. ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर फक्त ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. ही ओळ उलगडून सरळ केली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल. तिच्यावर सूक्ष्म खड्डे आहेत, सर्वांत छोटा ०.४ मायक्रॉन लांबीचा. खड्ड्याची खोली प्लॅस्टिकमधल्या लेझरच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी ठेवतात. त्यामुळे खड्ड्याच्या तळाला जाऊन परतलेला प्रकाश, वर सपाटीवरून परतलेल्या प्रकाशाच्या अर्धा तरंग मागे पडतो. एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार समोरासमोर येतात, दोघं एकमेकांना खोडतात आणि भिंगाला तिथे अंधारल्यासारखं दिसतं. उजेड-अंधार कुठे बदलतो, एवढंच वाचायचं असतं.

वाचायचं मात्र पळत्या डिस्कवरून. ओळ भिंगाखालून सेकंदाला साडेतीन मीटरच्या एकसारख्या वेगाने सरकायला हवी, म्हणून आतल्या कडेला डिस्क मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेते आणि बाहेर जाता जाता ५७५ वर येते. त्यात मधलं भोक केसाच्या जाडीइतकं जरी बाजूला असलं तरी प्रत्येक फेऱ्यात जवळपास शंभर ओळी इकडून तिकडे सरकतात. शिवाय डिस्क कधीच पूर्ण सपाट नसते, ती फिरताना वरखाली होते. भिंगाने मात्र तिच्यापासूनचं अंतर एका मायक्रॉनच्या आत सांभाळायचं. हे साधतं कसं? ते डाळीएवढं भिंग बारीक तारांवर टांगलेलं असतं. त्याच्या भोवती वेटोळी आणि चुंबक असतात. स्पीकरचा पडदा जसा विजेच्या इशाऱ्यावर थरथरतो तसं ते डिस्कच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर वरखाली, डावीउजवीकडे हलत राहतं. तीन तासांचा सिनेमा संपेपर्यंत त्याला उसंत नसते. मेकॅनिक ज्याला नुसतं 'लेन्स' म्हणतात, तो हा सगळा संसार.

आता ओरखडे. डिस्कवर ते असूनही सिनेमा चालतो, याचं श्रेय दोघांना. पहिलं प्रकाशाच्या शंकूला. डिस्कच्या पृष्ठभागावर लेझरचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि ०.६ मिलिमीटर खोल, माहितीच्या थरावर पोचेपर्यंत तो जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा होतो. हजारपट बारीक. त्यामुळे वरची धूळ त्याला चष्म्यावरच्या कणासारखी अंधूक दिसते.

दुसरं श्रेय आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांना. त्यांनी १९६० साली मांडलेली युक्ती आपल्या जुन्या मुनीमजींना लगेच कळली असती. जमाखर्चाच्या पानावर आडव्या आणि उभ्या बेरजा लिहून ठेवल्या, आणि पानावर शाईचा डाग पडला, तरी बेरजांवरून झाकलेला आकडा परत काढता येतो. डीव्हीडीवर १९२ ओळी आणि १७२ स्तंभांचा तक्ता करतात. प्रत्येक स्तंभाखाली १६ आणि प्रत्येक ओळीपुढे १० जादा आकडे लिहितात. या आकड्यांच्या बळावर डिस्कवरच्या ओळीच्या दिशेने सुमारे ६ मिलिमीटर लांबीचा डागसुद्धा भरून काढता येतो. डिस्क पुसताना मधून बाहेर पुसावी, गोल गोल पुसू नये, ते याचसाठी. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात ओळीला एकदाच चाटून जातो. गोल ओरखडा ओळीला धरून लांबवर नासधूस करतो. आमच्याकडे एक काकू पदराने ताट पुसतात तशी डिस्क पुसायच्या. त्यांच्या सगळ्या डिस्क मध्यंतरानंतर अडकायच्या.

तक्त्यालाही जेव्हा हिशेब जुळवता येत नाही तेव्हा चित्र फुटतं. एमपेगमध्ये पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदातून एकदा येतं; अधल्यामधल्या चित्रांत फक्त 'मागच्यापेक्षा काय बदललं' एवढंच असतं. म्हणून एकदा चौकोन उमटले की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत नायिकेचा गाल तसाच विटांचा राहतो. इथेच १,८०० आणि ६,००० वेगळे होतात. चांगला प्लेअर मागे जातो, पुन्हा वाचतो, नाहीच जमलं तर थोडं सोडून पुढे सरकतो. आमचा तिथेच घोटाळत बसायचा, लेन्स कटकट आवाज करायची, आणि मग पडद्यावर 'नो डिस्क' असं लिहून मोकळा व्हायचा. समोर डिस्क फिरत असताना!

दोन वर्षांनी त्याला वेगळाच आजार झाला. डीव्हीडी चाले, पण मुंजीची व्हीसीडी चालेना. घरात सगळ्यांचं मत की व्हीसीडी खराब झाली. कारण वेगळं होतं. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, सीडी आणि व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ न दिसणारा. घरी किंवा स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर ६५० ला नीट परतवतच नाही, त्यामुळे तिच्यासाठी दुसरा लेझर असावाच लागतो. एका भिंगामागे दोन दिवे. एक विझला तर दुसरा चालू राहतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या मेकॅनिकने आधी लेन्सशेजारचा बारीक स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवून दिली. सहा महिने चाललं, मग दोन्ही दिवे गेले. हा उपाय म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचणं आहे. लेझरचं उरलंसुरलं आयुष्यही त्यात जळतं. असा स्क्रू फिरवू देऊ नका, सरळ लेन्स बदलून घ्या.

तापणाऱ्या भागाचं थोडक्यात. प्लेअरमधला वीजपुरवठ्याचा भाग, म्हणजे पॉवर सप्लाय, हा स्वस्त मालाचा सर्वांत नाजूक अवयव. त्यातल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. आपण प्लेअर ठेवतो कुठे? सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर, वर क्रोशाचा रुमाल घालून. प्लेअर अधूनमधून आपोआप बंद पडू लागला, तर झाकण उघडल्यावर एखादा फुगलेला कपॅसिटर हमखास दिसतो. तो दहा-वीस रुपयांत बदलता येतो. उघडण्याआधी प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्यावा, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आता खोक्यावरच्या बिल्ल्यांकडे वळू. '१०८०पी अपस्केलिंग' हा त्यातला सर्वांत मोठा. पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, फुल एचडी पडदा १,९२० गुणिले १,०८० चा. गुणाकार करून पाहा, दुसरा आकडा पहिल्याच्या नेमका पाचपट आहे. म्हणजे पडद्यावरच्या दर पाच ठिपक्यांतले चार डिस्कवर नाहीतच, ते कोणीतरी हिशेबाने भरतं. प्लेअरने भरले नाहीत तर टीव्ही भरतो, आणि बऱ्याचदा टीव्हीच ते बरं करतो. या बिल्ल्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. एचडीएमआय किंवा निदान लाल-हिरव्या-निळ्या कंपोनंट पिनांसाठी मात्र मोजावेत. पिवळ्या पिनेच्या एकाच तारेतून उजेड आणि रंग दोन्ही जातात. रंगाचा निरोप ४.४३ मेगाहर्ट्झवर असतो, आणि शर्टावरच्या बारीक चौकडीचा उजेडही कधी कधी त्याच कंप्रतेवर येतो. बिचाऱ्या टीव्हीला वाटतं हा रंगच आहे, आणि हिरोच्या पांढऱ्या-काळ्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचू लागतं. तार बदलली की इंद्रधनुष्य जातं.

काही दोष प्लेअरचे नसतातच. २००७ मध्ये मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, आणि घरोघरी डिस्कांचे ढीग झाले. त्या ढिगात 'थ्री इन वन' असायच्या, एका डिस्कवर तीन सिनेमे. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. त्यात अडीच-अडीच तासांचे तीन सिनेमे कोंबले तर सेकंदाला सरासरी १.४ मेगाबिटही वाट्याला येत नाहीत. डीव्हीडीची कमाल मर्यादा १० मेगाबिटच्या आसपास आहे. पावसाच्या गाण्यात सगळं चित्र ठोकळ्यांचं झालं तर प्लेअरला शिव्या देऊ नका.

आवाजाचंही असंच. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा तर गाणं लागताच शेजारचे दार वाजवतात. सहा वाटांनी ध्वनिमुद्रित केलेला आवाज दोन स्पीकरांत ओतला की मधल्या वाटेतले संवाद दबतात. सेटअपमध्ये 'डायनॅमिक रेंज' किंवा 'नाईट मोड' शोधा. स्वस्तातल्या प्लेअरमध्येही तो असतो, आम्हाला पाच वर्षांनी सापडला.

स्वस्त प्लेअरचा एक गुण सांगायलाच हवा. डिस्क कुठल्या भागात चालावी हे ठरवणारा रिजन कोड भारताचा ५, अमेरिकेचा १. न्यू जर्सीहून मावशीने आणलेली डिस्क शेजाऱ्यांच्या महागड्या प्लेअरने नाकारली, आमच्या १,८०० वाल्याने निमूट चालवली. नियम पाळण्यावर खर्च करायला त्याच्या कारखानदाराकडे पैसे नव्हते, म्हणा.

आता नवे प्लेअर दुकानात शोधावे लागतात, पण लग्नाच्या, बारशाच्या, जुन्या नाटकांच्या डिस्क कपाटात आहेत आणि लोक जुन्या बाजारात प्लेअर हुडकत हिंडतात. घ्यायला गेलात तर दुकानदाराचे मासे बघू नका. घरून तीन डिस्क न्या. एक दोन थरांची, लांबलचक सिनेमाची. तिच्यावरून परतणारा प्रकाश एका थराच्या डिस्कपेक्षा बराच कमी असतो, दमलेली लेन्स तिथे लगेच उघडी पडते. सुरुवात, मधला भाग जिथे थर बदलतो, आणि शेवट, तिन्ही बघा. दुसरी स्टुडिओवाल्याने रेकॉर्ड करून दिलेली व्हीसीडी, दुसऱ्या लेझरसाठी. तिसरी घरातली सर्वांत ओरखडलेली. ट्रे चार-पाच वेळा आतबाहेर करा आणि टीव्हीचा आवाज बंद करून कान प्लेअरला लावा. सूं असा एकसारखा आवाज आला तर घ्या. कटकट ऐकू आली तर फुकटसुद्धा घेऊ नका.