काट्यावर विसंबू नका

चाळीसगावहून कन्नडला येताना मोठा घाट चढावा लागतो. जीप जुनी आहे. काटा म्हणतो, टाकी अर्धी भरली आहे. पण रात्री चढावरच डिझेल संपले, तर पोराबाळांना घेऊन कुठं जाल?

टाकीत एक तरंगणारा गोळा असतो. डिझेल उतरले की गोळाही उतरतो. तारेतून ती खबर काट्याला पोचते.

आधी कोरडी काठी टाकीत बुडवून पाहा. आगकाडी पेटवून आत बघू नका! काठी अन् काटा जुळत नसतील, तर मिस्त्रीला दाखवा. तो चावी चालू ठेवून टाकीवरची तार गाडीच्या लोखंडाला क्षणभर टेकवील. काटा हलला, तर दोष गोळ्याकडे. नाही हलला, तर तारेत किंवा काट्यात.

दुरुस्ती होईतो काठी गाडीतच ठेवा. काठी खोटं बोलत नाही.