संगणकातला गंधार

आज आपण संगणकावरच्या संगीताची ओळख करून घेऊ. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, म्हणून आधी प्रश्न: संगणकात गाणं असतं, की गाण्याविषयीची माहिती?

आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले वसंतराव देशपांडे आज आपण मोबाइलवर ऐकतो. हे कसं होतं? सीडीचं माप घ्या. यंत्र आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं आणि दर वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक आकडा लिहून ठेवतं. कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनं ऐकतो. मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त असल्याने ऐकू येणारी लाट पुन्हा उभी करता येते. मींड, आंदोलन, श्वास, सगळं शाबूत राहतं.

दुसरी पद्धत वेगळी. वसंतराव गेले त्याच वर्षी, १९८३ मध्ये, ‘मिडी’ आली. तिच्यात आवाज नसतोच, फक्त सूचना असतात: कोणती पट्टी दाबली, किती जोरात, केव्हा सोडली. भातखंड्यांच्या स्वरलिपीसारखंच समजा. कागद काही गात नाही! सॉफ्टवेअरमधली वाद्यं त्या सूचना वाजवतात. चुकलेला सूर नंतर दुरुस्त करा, लय वाढवा, सतारीऐवजी बासरी लावा, सगळं जमतं.

मग अडतं कुठे? या पट्ट्या सहसा बारा समान अंतरांवर लावलेल्या असतात. सप्तकाचे १,२०० भाग केले, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ वर येतो. पट्टीचा ४०० वर. बांधीव सुरांच्या अशाच आक्षेपामुळे आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवलं होतं.

आमच्या घरातलीच गोष्ट. नात कीबोर्डवर शिकली. एकदा तंबोरा लावला तर म्हणते, “आजोबा, गंधार उतरलाय!” सूर बरोबर होता, कान पट्टीला सरावला होता.

पण यात यंत्राला दोष देऊन भागणार नाही. पेटीचा सूर बदलायचा तर पत्ती घासावी लागते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोच गंधार १४ भाग खाली आणता येतो, मींडही काढता येते. फक्त तो खाली हवा, हे कुणाला तरी ऐकू यावं लागतं. म्हणून मुलांना लॅपटॉप जरूर द्या. पण त्याआधी थोडे दिवस तंबोऱ्यापाशी बसवा.