412 नंबर गेला कुठे?

एका वाचकाचा प्रश्न आहे : 'सोसायटीच्या संगणकावर 411 नंतर थेट 413 नंबरची पावती निघाली. मधली कुणी खोडली का?'

शक्य आहे, पण तसंच असेल असं नाही. दवाखान्यातलं टोकन आठवा. बारा नंबर घेतलेला पेशंट कंटाळून घरी गेला, तरी कंपाउंडर पुढच्याला तेराच देतो. बारावा थांबणार की जाणार हे कळेपर्यंत टोकन वाटायचीच नाहीत म्हटलं, तर दारापर्यंत रांग लागेल. डेटाबेसही हाच हिशोब करतो. व्यवहार अर्ध्यात रद्द झाला, तरी दिलेला क्रमांक परत घेत नाही. मधली फट ही कुणालाही ताटकळत न ठेवल्याची किंमत आहे.

याहून नाजूक प्रश्न असा, की नोंद केल्यावर आपल्याला कोणता क्रमांक मिळाला? बिलाखाली वस्तू लिहायच्या, तर बिलाचा नंबर हवाच. नवखा प्रोग्रामर तक्त्यातला सर्वांत मोठा क्रमांक उचलतो. एकट्याने चाचणी घेताना ते अचूक चालतं. पण गर्दीच्या दिवशी तेवढ्यात दुसऱ्याची नोंद पडते आणि आपली साखर शेजाऱ्याच्या बिलात जाते! कंपाउंडरने शेवटचं टोकन कितवं दिलं हे विचारूच नये, आपल्या मुठीतलं पाहावं. मायएसक्यूएल या डेटाबेसचं 'लास्ट इन्सर्ट आयडी' फक्त आपल्याच जोडणीतला क्रमांक सांगतं. पोस्टग्रेसचं 'रिटर्निंग' तर नोंद होतानाच तो हातावर ठेवतं. किती साधा आणि सुंदर उपाय!

या क्रमांकांमागचा विचार जुना आहे. रिलेशनल डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी 1979 च्या निबंधात यंत्राने स्वतः निर्माण केलेल्या ओळख-क्रमांकांना मानाचं स्थान दिलं. वापरणाऱ्याचा त्यांच्यावर ताबा नसावा, इतकंच काय, ते त्याला दिसूही नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. श्रेय मात्र एकट्या कॉडचं नाही. माणसांनी ठरवलेल्या ओळखींमधल्या अडचणी हॉल, आउलेट आणि टॉड यांनी 1976 मध्येच दाखवून दिल्या होत्या आणि कॉड यांनी त्यांचा उल्लेखही केला होता. आज ही तीन नावं क्वचितच कुणी घेतं, याची मला खंत वाटते.

तेव्हा वाचकमित्रा, आधी अर्धवट राहिलेला व्यवहार शोधा. आणि पावत्या सलगच हव्या असतील, तर पावती क्रमांकाचा रकाना वेगळा ठेवा. त्यात एकेकाला रांगेत उभं करून, व्यवहार पक्का होईल तेव्हाच नंबर द्या. यंत्राचा क्रमांक ओळखीसाठी आहे, मोजणीसाठी नव्हे.