ग्रंथोत्सवांतील मुलें

भंडारा जिल्ह्यांतील साकोली हें गांव नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेलें आहे. सभोंवार भाताचीं शेतें, बोड्या आणि तलाव. थोडें पलीकडे नागझिऱ्याचें अरण्य. या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी सरली कीं येथें गांवोगांव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटकें चालतात. नाटक कसें उभें राहतें हें साकोलीकडच्या मुलाला शिकवावें लागत नाहीं. पडद्यामागें शिरून तें रंगरंगोटी पाहून आलेलें असतें. सकाळीं दुकानांत तेल मोजून देणारा मनुष्य रात्रीं मुकुट घालून राजा होतो, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. आणि ठाऊक असूनहि त्या राजाचा दरारा त्याच्या मनांत तसूभर उणा होत नाहीं.

पुस्तकाची गोष्ट मात्र निराळी आहे. पुस्तकालाहि पडदा असतो, पण त्याच्या मागें जाण्याची वाट मुलाला कोणी दाखवीत नाहीं. पुस्तकें शाळेंत गठ्ठ्यानें येतात आणि कपाटांत जातात. त्यांवर छापलेलें नांव मुलाच्या लेखीं कोणा हिंडत्या-फिरत्या माणसाचें नसतेंच. लेखक म्हणजे बहुधा वारलेला मनुष्य, अशी पुष्कळ मुलांची प्रामाणिक समजूत असते. आणि पाठ्यपुस्तकांत लेखकाच्या परिचयाबरोबर जन्म-मृत्यूचीं सालें पाहावयाची संवय झालेल्या मुलास त्याबद्दल दोष तरी कसा द्यावा? ग्रंथोत्सवाचें खरें प्रयोजन येथें सुरू होतें.

महाराष्ट्रांत जिल्ह्याजिल्ह्यांतून शासनाच्या वतीनें ग्रंथोत्सव भरतात. सकाळीं ग्रंथदिंडी निघते. पालखींत ग्रंथ, पुढें लेझीम, मागें शाळांच्या रांगा. मग पुस्तकांचीं दालनें, व्याख्यानें, कविसंमेलन. जिल्ह्याच्या ठिकाणीं उत्सव असला कीं साकोलीच्या मुलांना सुमारें ४० किलोमीटर जावें लागतें. याहून मोठे मेळे आहेतच. राष्ट्रीय पुस्तक न्यासानें डिसेंबर २०२३ मध्यें पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरविण्यास आरंभ केला. परंतु मुलाच्या दृष्टीनें उत्सव मोठा कीं लहान हें दालनांच्या संख्येवरून ठरत नाहीं. तें ठरतें तेथें त्याला कोणी भेटलें कीं नाहीं यावरून.

दुर्दैवानें आपल्याकडील समारंभांची घडण मुलांकडे पाहून झालेली नाहीं. दीपप्रज्वलन, हार, शाली, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, आणि परिचय करून देणाऱ्याचा परिचय, यांत सूर्य माथ्यावर येतो. मंडप भरलेला दिसावा म्हणून सकाळपासून आणून बसविलेलीं मुलें तोंवर डब्यांच्या पिशव्यांकडे पाहूं लागलेलीं असतात. अशा वेळीं बालसाहित्यिक बोलावयास उभा राहिला तर तो बिचारा काय करणार? ‘तुम्ही उद्यांचे नागरिक आहांत’ असें सांगून तोहि खालीं बसतो. याला भेट म्हणतां येत नाहीं.

भेट कशी होते हें व्यंगचित्रकाराच्या बाबतींत सर्वांत लवकर समजतें. त्याला व्यासपीठ नको, फळा हवा. त्यानें खडूनें एक वर्तुळ काढावें, आंत डोळ्यांचे दोन ठिपके द्यावेत आणि मुलांस विचारावें, हा मनुष्य कसा आहे? कोणालाच सांगतां येत नाहीं. मग ठिपक्यांवर भुंवयांच्या दोन रेघा. रेघांचीं आंतलीं टोकें खालीं उतरलीं कीं मनुष्य रागावतो. तींच टोकें वर गेलीं कीं रडकुंडीस येतो. दोन्ही रेघा ठिपक्यांपासून उंच नेल्या कीं चकित होतो. वर्तुळ तेंच, ठिपके तेच. इतक्या अल्प सामग्रीवर माणसाचें मन उघडें करतां येतें, हा शोध मुलाला तेथेंच बसल्या जागीं लागतो, आणि घरीं जाऊन कोळशानें भिंतीवर तें करूनहि पाहतें. पुढें अतिशयोक्तीचा नियम. जें लांब आहे तें आणखी लांब करावें, जें जाड तें आणखी जाड. पण बाकीचें सारें नेमकें असावें, कारण सगळेंच वाढविलें तर ओळख नाहींशी होते. वर्गांतील मुलें हा प्रयोग गुरुजींच्या चित्रावर आधींपासूनच करीत असतात, म्हणून हा नियम समजावयास त्यांना मुळींच वेळ लागत नाहीं.

साकोलीच्या मुलांना ही कला जवळची वाटण्यास आणखी एक कारण आहे. त्यांच्या घरची बोली झाडी. तींत ‘पाणी’ हें ‘पानी’ होतें, आणि वर्गांत तसें उच्चारलें कीं हंशा पिकतो. तोंड उघडण्यापूर्वीं मनांतल्या मनांत शब्द तपासून घेण्याची संवय या मुलांना लागते, आणि पुढें पुढें तीं तोंडच उघडीनाशीं होतात. बाहेरगांवचा लेखक समोर असतां प्रश्न विचारावयास एकहि हात वर येत नाहीं, त्याचें कारण पुष्कळदां हें असतें. पाहुण्यांना मात्र वाटतें कीं मुलें बुजरीं आहेत.

शब्द नसलेल्या चित्रापुढें ही भीति उरत नाहीं. शि. द. फडणीस यांची कीर्ति अशा शब्दहीन चित्रांवरच उभी आहे. बेळगांव जिल्ह्यांतील भोज या गांवीं २९ जुलै १९२५ रोजीं जन्मलेल्या या चित्रकारास २०२५ मध्यें शंभर वर्षें पूर्ण झालीं. १९६५ पासून त्यांच्या ‘हसरी गॅलरी’ या प्रदर्शनानें लोकांना हंसविलें, आणि ‘चित्रहास’ या कार्यक्रमांत तर ते प्रेक्षकांच्या देखत चित्रें काढून दाखवीत. पण त्याहूनहि मोठें काम म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणिताच्या पुस्तकांसाठीं त्यांनीं काढलेलीं चित्रें. गणिताचें पुस्तक उघडल्यावर हंसूं येऊं शकतें, ही गोष्ट त्या पिढीला अगदीं नवीन होती. खेड्यापाड्यांतील किती तरी मुलांची व्यंगचित्रकाराशीं पहिली भेट अशी हिशेबाच्या पानावर झाली. त्याचें नांव त्यांना ठाऊकहि नव्हतें. दिल्लीस व्यंगचित्रकार शंकर यांनीं १९४९ मध्यें मुलांसाठीं चित्रस्पर्धा सुरू केली व १९५७ मध्यें चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केला, हेंहि येथें आठवतें. मोठमोठ्या पुढाऱ्यांचीं नाकें लांबविणारा हात मुलांसाठीं पुस्तकें काढावयास वळला, तो कांहीं विसाव्यासाठीं नव्हे.

लेखकाचें काम याहून अवघड आहे. चित्र समोर काढून दाखवितां येतें, गोष्ट समोर लिहून दाखवितां येत नाहीं. परंतु आपल्या हस्तलिखिताचें एखादें पान त्याला बरोबर आणतां येईल. शाळेंत खाडाखोडीला गुण कापले जातात. वही जितकी स्वच्छ तितकें मूल हुशार, असा आपला जुना हिशेब. उलट छापील पुस्तकांत एकहि काट दिसत नाहीं. साहजिकच मुलाला वाटतें कीं ज्याला पहिल्या झटक्यांत असें उतरवितां येतें तोच लेखक, आणि आपण कांहीं त्या जातीचे नव्हे. एकच वाक्य चार वेळां खोडून पांचव्यांदां लिहिलेलें पान त्याच्या हातांत पडलें, तर दहा व्याख्यानांनीं होणार नाहीं तें काम होतें. मुलें अशा पानावर झडप घालतात. खोडलेलें काय होतें हें उजेडाकडे धरून वाचूं पाहतात.

माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका आपलीं चित्रेंहि आपणच काढतात. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. एकच हात दोन्ही कामें करीत असतां, कोणती गोष्ट शब्दांनीं सांगावयाची व कोणती चित्रासाठीं राखून ठेवावयाची, हें कसें ठरतें? मुलांनीं विचारण्याजोगा हा प्रश्न आहे. ‘आपणांस लिहिण्याची स्फूर्ति कोठून मिळते?’ या पाठ करून आणलेल्या प्रश्नापेक्षां तो पुष्कळ बरा.

आणि लेखक नेहमीं दूरचाच असतो असेंहि नाहीं. साकोलीजवळचें नवेगांवबांध १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत होतें. आतां तें गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे तेथें वनाधिकारी होते. त्या तलावावरचे पक्षी आणि त्या काठचीं माणसें, विशेषतः माधवराव पाटील, यांच्या सहवासांतून त्यांचें पुष्कळ लेखन उभें राहिलें; ‘नवेगावबांधचे दिवस’ असें एका पुस्तकाचें नांवच आहे. ते मूळचे सोलापूरचे. झाडीपट्टीची बोली त्यांना जन्मानें आलेली नव्हती. पक्ष्यांना व झाडांना येथील लोक काय म्हणतात हें त्यांनीं विचारून विचारून टिपून घेतलें. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीस ‘काकागार’ आणि बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीस ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनीं मराठीला दिले. २००६ मध्यें सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ते केवळ मुलांचे लेखक नव्हते हें खरें. पण ज्या बोलीला वर्गांत हंसतात तिच्यांतले शब्द मागून घेण्यासाठीं एवढा मोठा लेखक या लोकांच्या दारीं गेला, ही हकीकत साकोलीच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावयास हवी. याच बोलीचा शब्दकोश डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं सिद्ध केला आहे. ग्रंथोत्सवाच्या दालनांत तो मुलांच्या हातीं लागेल अशा उंचीवर ठेवावा. ४ मे २०१७ रोजीं सातारा जिल्ह्यांत भिलार येथें सुरू झालेल्या ‘पुस्तकांचे गांव’ या योजनेच्या विस्तारांत नवेगांवबांधचीहि निवड झाली, हें या संदर्भांत उचितच झालें.

भेटीची तयारी मात्र आधीं करावी लागते. येणाऱ्या लेखकाचें एकहि पुस्तक न वाचतां त्याची सही घेणें म्हणजे जत्रेंत हत्तीला हात लावून येणें होय. आठवडाभर आधीं त्याचें एक पुस्तक वर्गांत मोठ्यानें वाचावें. जाण्याच्या दिवशीं मुलापाशीं थोडे पैसे असावेत, तीस-चाळीस रुपये कां होईनात. आणि कोणतें पुस्तक घ्यावयाचें हें त्यानेंच ठरवावें. चुटक्यांचें पुस्तक घेतलें तर घेऊं द्यावें.

ज्या शाळेला यांतील कांहींच साधत नाहीं, तिलाहि एक मार्ग मोकळा आहे. मराठींत मुलांच्या मासिकांची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ १८८१ सालचें, वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ चा. नागपूरहूनहि ‘मुलांचे मासिक’ निघे. बालभारतीनें १९७१ मध्यें सुरू केलेल्या ‘किशोर’चे जुने अंक तर आतां संगणकावर कोणालाहि विनामूल्य पाहावयास मिळतात. त्यांतील एखादें हास्यचित्र निवडून, खालील शब्द वगळून, फळ्यावर मोठें काढावें, आणि चित्रांत काय घडलें हें मुलांना त्यांच्या घरच्या बोलींत सांगूं द्यावें. कोणी ‘पानी’ म्हणालें तर तो एक तास तरी थांबवूं नये.