वसतिगृहातील आग आणि विश्वास गमावलेली घंटा

वसतिगृहाच्या नियमावलीतील आगीसंबंधीची कलमे विद्यार्थ्यांना बहुधा जाचक वाटतात. खोलीत शेगडी नको, कॉरिडॉरमध्ये सामान नको, जिन्याचे दार उघडे ठेवू नये, घंटा वाजताच बाहेर पडावे, असे हे निर्बंध वरकरणी सुटे दिसतात. आगच लागू नये हा त्यांचा एक हेतू; पण लागलीच, तर झोपलेल्या माणसाला बाहेर पडण्यास पुरेसा अवधी मिळावा, हा त्याहून महत्त्वाचा हेतू होय. हा अवधी कसा हातचा जातो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आगीत ज्वाळांपेक्षा धुराने अधिक माणसे दगावतात. गादी, फोम, पडदे यांच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही की वास नाही. झोपलेल्याला तो जागे करीत नाही, उलट त्याची ग्लानी वाढवितो. तप्त धूर प्रथम छतालगत पसरतो व मग खाली उतरू लागतो. धूरसूचक यंत्र छताला बसवितात आणि धुरातून रांगत जावे असे सांगतात, ते याचमुळे. बंद दार धुराला काही काळ थोपविते. जिन्याचे दार उघडे राहिल्यास मात्र जिन्याचेच धुराडे बनते.

अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स कॉलेजच्या अक्वायनस हॉल या विद्यार्थिनींच्या वसतिगृहात १३ डिसेंबर १९७७ रोजी आग लागली. नाताळानिमित्त कॉरिडॉरमध्ये केलेल्या सजावटीने पेट घेतला आणि सुटकेची वाटच आगीची वाट झाली. दहा विद्यार्थिनी मृत्युमुखी पडल्या. कॉरिडॉर मोकळा ठेवण्याच्या नियमाचे मर्म येथे स्पष्ट होते.

दुसरी घटना अधिक विचार करावयास लावणारी आहे. न्यू जर्सी राज्यातील सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल वसतिगृहात १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरील सामाईक दालन पेटले. घंटा वाजली, परंतु सप्टेंबरपासून त्या इमारतीत १८ वेळा खोटी घंटा वाजलेली होती. साहजिकच अनेकांनी आरंभी तिची दखल घेतली नाही. तीन विद्यार्थी मरण पावले, पन्नासांहून अधिक माणसे जखमी झाली. आग लावल्याबद्दल दोघा माजी विद्यार्थ्यांना २००७ साली कारावासाची शिक्षा झाली. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील मुलाने स्वतःचाच विश्वास घालविला होता. येथे घंटेवरील विश्वास उडाला, आणि त्याची किंमत इतरांना मोजावी लागली.

त्या इमारतीत स्प्रिंक्लर नव्हते. स्प्रिंक्लरच्या तोंडाशी बहुधा काचेची एक कुपी असते. सुमारे ६८ अंश सेल्सियस तापमानास ती फुटते व तेवढ्याच ठिकाणी पाणी सुरू होते. घंटेचे कार्य ऐकणाऱ्याच्या विश्वासावर अवलंबून असते. स्प्रिंक्लरचे तसे नाही. न्यू जर्सीने २००० सालीच कायदा करून वसतिगृहांत ते बसविण्यास चार वर्षांची मुदत दिली, त्यामागील तत्त्व हेच.

तथापि केवळ यंत्रे बसवून जबाबदारी संपत नाही. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमान्वये अग्निशमन साधने सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादार यांच्यावर आहे आणि तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. परंतु साधन सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे त्या साधनावर रहिवाशांचा विश्वास असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. तो टिकविण्यासाठी प्रत्येक खोट्या घंटेचे कारण शोधावे लागते: स्वयंपाकाची वाफ, यंत्रातील धूळ, की कुणाची थट्टा. ते कारण दूर करून रहिवाशांना कळविणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य. घंटा त्रासदायक ठरते म्हणून बंद करून ठेवणे हा उपाय नव्हे. विद्यार्थ्यांचे कर्तव्य त्याहून साधे, पण कठीण आहे. थट्टेखातर घंटा वाजवू नये, आणि ती एकोणिसाव्यांदा वाजली तरीही अंथरूण सोडून खाली उतरावे.